तिथे गावं होती : इजिप्तच्या सहली नेणाऱ्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातून इजिप्तला सहली नेणारे सर्व आयोजक, आणि बसमध्ये माइक हातात घेऊन आमच्यापुढे उभे राहणारे टूर मॅनेजर दादा-ताई,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या हिवाळ्यात मी आईला घेऊन इजिप्तला जाऊन आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. परत आल्यावर वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर गेलेल्या चार-पाच ओळखीच्या घरांत विचारलं, तर थोड्याफार फरकाने सगळ्यांचं तेच. सहलीची व्यवस्था चांगली होती, हे आधीच सांगते. सत्तरी ओलांडलेल्या माणसांना तुम्ही बोटीतून हाताला धरून उतरवता, गोळ्या घेतल्या का विचारता, वरण-भाताची सोय करता. माझ्या आईला पोटच्या पोरासारखं सांभाळलंत. म्हणूनच हे पत्र हक्काने लिहिते आहे.

अबू सिंबेलच्या दिवशी पहाटे साडेतीनला उठवलंत. ब्रेकफास्टचा बॉक्स मांडीवर घेऊन आम्ही बसमध्ये बसलो. आस्वानहून अबू सिंबेल जवळपास २८० किलोमीटर, सगळा रस्ता वाळवंटातून. उजाडल्यावर टूर मॅनेजर मुलाने माइक घेतला आणि छान सांगितलं. रॅमसेस दुसरा, ३२०० वर्षांपूर्वीचं मंदिर, धरणाच्या पाण्यात बुडणार होतं, मग युनेस्कोने डोंगरासकट कापून वर उचलून ठेवलं. "एवढंसुद्धा बुडू दिलं नाही," तो म्हणाला आणि बसमध्ये टाळ्या वाजल्या.

आई खिडकीशी होती. तिने विचारलं, "आणि गावं? ती पण वर उचलली का?"

तो मुलगा हसून म्हणाला, "आजी, इथे गावं कुठली? सगळं वाळवंटच होतं."

आई गप्प बसली. तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं. उजनीचं पाणी चढलं तेव्हा ते गाव, घर, मळा, सगळं खाली गेलं. एखाद्या वर्षी उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक गाड्या करून फोटो काढायला जातात. आई एकदाही गेली नाही. धरणाचं नाव निघालं की गावांचं काय झालं, हा प्रश्न तिला सुचतोच. तिला मिळालेलं उत्तर चूक होतं, हे मला घरी आल्यावर वाचन केल्यावर कळलं.

तिथे गावं होती. आस्वानच्या दक्षिणेला नाईलच्या दोन्ही काठांनी, इजिप्तच्या हद्दीत चाळीसच्या आसपास गावं होती, आणि हद्दीपलीकडे सुदानात वादी हाल्फा हे भरलेलं शहर आणि त्याच्या आसपासची गावं. या मुलखाचं नाव न्यूबिया. नदीला लागून जमिनीची चिंचोळी पट्टी, त्यात खजुराची झाडं, आणि मागच्या चढावर मातीची प्रशस्त घरं. घरांच्या दर्शनी भिंतींवर बायका हाताने नक्षी काढायच्या आणि चिनीमातीच्या बशा लिंपणात बसवायच्या. आपल्याकडे दारापुढे रांगोळी असते, तसं त्यांच्याकडे भिंतीवर. भाषाही त्यांची स्वतःची. अरबीशी तिचं नातं नाही.

या लोकांच्या घरात पाणी पहिल्यांदा शिरलं ते काही इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या उंच धरणाने नाही. आस्वानचं जुनं धरण इंग्रजांच्या अमलात १९०२ साली पुरं झालं. मग १९१२ मध्ये त्याची उंची वाढवली, १९३३ मध्ये पुन्हा वाढवली. दर वेळी पाणी वर आलं, काठची शेती गेली, लोकांनी चढावर नवी घरं बांधली. शेती गेल्यामुळे पुरुष कैरो-अलेक्झांड्रियाला गेले. कुणी स्वयंपाकी झालं, कुणी दरवान. गावात बायका, म्हातारी आणि पोरं उरली. तीन-तीनदा घर वर सरकवून जे टिकलं होतं, ते उंच धरणाने संपवलं. १९६० साली काम सुरू झालं. ऑक्टोबर १९६३ ते जून १९६४ या काळात इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार न्यूबियन लोकांना बोटींनी आणि बसगाड्यांनी कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन बसवलं. सुदानातल्या तेवढ्याच लोकांना आगगाड्यांत बसवून शेकडो किलोमीटर दूर, अतबारा नदीवरच्या खश्म अल-गिरबाला पाठवलं. निघण्याआधी लोक कबरस्तानात गेले, आपल्या माणसांच्या कबरींवर पाणी शिंपडलं. घरांना कुलपं लावली आणि किल्ल्या बरोबर घेतल्या.

हा किल्ल्यांचा तपशील मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आमच्या आत्यानं पण घेतली होती."

आता कोम ओम्बोचं बघा. तुमच्या प्रत्येक सहलीत क्रूझ कोम ओम्बोला थांबते. मगरीच्या देवाचं आणि ससाण्याच्या देवाचं जोडमंदिर, मगरींच्या ममींचं छोटं संग्रहालय, तासाभरात परत बोटीवर. त्या धक्क्यापासून काही किलोमीटर आत गेलं की विस्थापितांच्या वसाहती आहेत. सरकारने त्यांना बल्लाना, तोश्का, कुस्तुल ही बुडालेल्या गावांचीच नावं दिली. बाकी सगळं वेगळं. काँक्रीटची एकासारखी एक घरं, माणशी हिशेबाने वाटलेली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेले भाऊबंद दूर फेकले गेले. नदी नजरेआड गेली. नदीच्या पाण्यावर ज्यांचं लग्न, बाळंतपण, मरण सगळं बांधलेलं होतं, त्यांना नदीच दिसेनाशी झाली. इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेत कलम २३६ आहे. न्यूबियन लोकांना त्यांच्या मूळ भागात परत आणण्याच्या योजना दहा वर्षांत राबवू, असं त्यात लिहिलंय. ती दहा वर्षं उलटून गेली. उंच धरणाच्या तळ्याकाठच्या जमिनीची ते अजून वाट पाहतात.

मी तुम्हाला राजकारण करायला सांगत नाही. त्या वसाहतींमध्ये बस घेऊन जा असंही म्हणत नाही. माणसं काही बघायची वस्तू नाहीत. पण कोम ओम्बोच्या धक्क्यावर उतरताना दोन वाक्यं सांगता येतील की नाही? आणि आस्वानची ती 'न्यूबियन व्हिलेज' ही ऑप्शनल टूर! मोटरबोटीने पैलतीरावर घर्ब सोहेलला नेता. निळी-पिवळी घरं, उंटाची फेरी, हातावर मेंदी, जास्वंदाचा चहा, आणि हौदातून काढलेलं मगरीचं पिल्लू हातात घेऊन फोटो. आमच्या गटातल्या बहुतेकांना न्यूबियन म्हणजे मगरी पाळणारे लोक एवढंच कळलं. त्या घरात चहा देणाऱ्या बाईंना कुणीतरी विचारायला हवं होतं, तुमचं मूळ गाव कोणतं. मला तेव्हा सुचलं नाही, याची खंत आहे.

मंदिरं वाचवली याचं मोल कमी करायचं नाही मला. उलट तुम्ही ती गोष्टही फार थोडक्यात उरकता, असं माझं म्हणणं आहे. ८ मार्च १९६० ला युनेस्कोने जगाला हाक दिली. सुमारे ५० देश पुढे आले. अबू सिंबेलचं काम १९६४ ते १९६८ चाललं. तळ्याचं पाणी तर चढत होतं, म्हणून आधी मंदिराभोवती बांध घातला. वरचा डोंगर फोडताना दगड पडून मूर्तींना इजा होऊ नये म्हणून दर्शनी भाग वाळूने झाकून टाकला. वालुकाश्म मऊ, पटकन भुगा होणारा. म्हणून जिथे मूर्ती किंवा कोरीवकाम आहे तिथे कामगार बारीक पात्याच्या करवतींनी, हाताने कापत होते. कापलेल्या तुकड्यांत पोलादी सळया रेझिनने बसवल्या आणि त्या धरून ते क्रेनने उचलले. एक हजाराहून जास्त तुकडे, काही काही २० ते ३० टनांचे. सगळं ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेऊन पुन्हा जुळवलं. बाहेरून दिसणारा डोंगर आतून पोकळ आहे, काँक्रीटच्या भल्यामोठ्या घुमटावर उभा. चार मूर्तींपैकी डावीकडून दुसरीचं डोकं-धड प्राचीन काळीच भूकंपात कोसळलं होतं. ते तुकडे नव्या जागीही तसेच पायाशी मांडले, पूर्वी जिथे पडले होते अगदी त्याच पद्धतीने. पडलेला दगडसुद्धा हलू दिला नाही इतकी ती माणसं काटेकोर होती.

त्याच काळात मातीच्या विटांचे बहुतेक किल्ले मात्र विरघळून गेले. सुदानातला बुहेनचा किल्ला प्राचीन इजिप्तच्या मध्य राज्याच्या काळातला, जवळपास ४००० वर्षांपूर्वीचा, खंदक आणि बुरुजांसकट. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर एमरी यांनी तो खणून काढला, नकाशे केले, आणि मग तो पाण्याखाली गेला. मातीची वीट कापून नेता येत नाही. सुदानातच फरासला पोलिश पथकाला वाळूत गाडलेलं अख्खं कॅथीड्रल सापडलं, भिंतींवर शंभराहून जास्त चित्रं असलेलं. न्यूबिया काही शतकं ख्रिस्ती राज्य होतं, हेही आपल्याकडे कुणाला ठाऊक नसतं. ती चित्रं भिंतींवरून सोडवून निम्मी वॉर्साला गेली, निम्मी खार्टूमला.

आणि या सगळ्यात आपलेही लोक होते! १९६२ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली न्यूबियात गेलं. आफ्येह आणि तुमास या ठिकाणी त्यांनी उत्खनन केलं. त्यांना आफ्येहला मिळाली ती सुमारे ५००० वर्षांपूर्वीची वस्ती, दगडी पायाची, खोल्याखोल्यांची घरं. मंदिर नाही, राजाचं थडगं नाही, साध्या माणसांची घरं. आज त्यावर तळं आहे. अबू सिंबेलला जाताना तेच तळं डाव्या हाताला, वाळूच्या पलीकडे असतं. साडेतीन तासांच्या प्रवासात हे एकदा तरी सांगा. बसमधली अर्धी झोपलेली माणसं उठून बसतील, खात्रीने सांगते.

आता थोडं बसमधल्या दुसऱ्या गप्पांबद्दल. आमच्या बसमध्ये कुणीतरी फोनवर आलेला मेसेज वाचून दाखवला: रॅमसेस म्हणजे राम, आणि कुश राज्य म्हणजे रामाचा मुलगा कुश तिथे गेला होता. टूर मॅनेजरने "असू शकतं" म्हणून सोडून दिलं. कृपया असं सोडून देऊ नका. रॅमसेस या नावाचा अर्थ इजिप्तच्या भाषेत सरळ लागतो : 'ज्याला रा या सूर्यदेवाने जन्म दिला तो'. कुश हे इजिप्शियनांनी आपल्या दक्षिणेकडच्या राज्याला दिलेलं नाव आहे आणि ते त्यांच्या लेखांत रॅमसेसच्या आधी काही शतकं येतं. ते राज्य काळ्या आफ्रिकन लोकांचं होतं आणि त्यांनी ते स्वतः उभारलं. शंभर वर्षांपूर्वी जॉर्ज राइस्नर या अमेरिकन संशोधकाने सुदानातलं कर्मा हे प्राचीन शहर खणलं. १७-१८ मीटर उंचीची विटांची भव्य वास्तू बघूनही, हे स्थानिक राजांचं काम असेल असं त्याला पटेना. इजिप्शियन सुभेदारांचं ठाणं असणार, असं त्याने ठरवून टाकलं. पुढे पुरातत्त्वज्ञ चार्ल्स बॉने यांनी तिथे कित्येक दशकं उत्खनन केलं आणि ती कुश राजांचीच राजधानी होती हे दाखवलं. न्यूबियन लोकांचं श्रेय त्यांच्याकडून एकदा काढून घेतलं गेलं आहे. आपण नकळतही तेच करायला नको.

अबू सिंबेलच्या दारातून आत शिरताना खाली बाजूला बघायला सांगा. प्रवेशमार्गाच्या दक्षिणेकडच्या बाजूला गळ्यात दोर बांधलेले, गुडघे टेकलेले न्यूबियन कैदी ओळीने कोरलेत. उत्तरेकडच्या बाजूला आशियाई कैदी. म्हणजे हे मंदिर न्यूबियातच, न्यूबियनांना जरब बसावी म्हणून खोदलेलं. सगळे वर मान करून रॅमसेसचे चेहरे बघतात, खालच्या चेहऱ्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही. मी तरी तिथे सेल्फी काढत होते, आणि आई वाकून बघत होती.

या कैद्यांच्या वंशजांनी पुढे पाचशे वर्षांनी इजिप्त जिंकला, ही गोष्ट तर मला फारच आवडते. कुशचा राजा पिये उत्तरेला चालून गेला आणि त्याने आपला विजय सुदानातल्या गेबेल बरकलच्या शिलालेखात लिहून ठेवला. त्यात एक जागा आहे. शरण आलेल्या नगरात तो तिथल्या राजाच्या घोड्यांच्या पागेत जातो, वेढ्याच्या काळात उपाशी ठेवलेली घोडी बघतो आणि संतापतो. बाकी सगळ्या अपराधांपेक्षा तुझा हा अपराध मला जास्त लागला, असं त्या राजाला सुनावतो. अल-कुर्रूला त्याच्या घराण्याच्या दफनभूमीत घोड्यांच्याही कबरी आहेत. हे इजिप्तवर राज्य करणारं पंचविसावं घराणं. त्यातला तहार्का हा इ.स.पू. ६९० ते ६६४ राज्यावर होता. लक्झरच्या कर्नाक मंदिराच्या पहिल्या प्रांगणात एकच उंच खांब उभा दिसतो ना, जवळपास २० मीटरचा? तो तहार्काच्या मंडपाचा. दहापैकी एवढाच पुरता उभा आहे. आमचा गट त्याच्याच सावलीत जमला होता, हजेरी घ्यायला. खांब कुणाचा ते कुणी सांगितलं नाही.

आस्वानजवळच्या फिलाईच्या मंदिराबद्दलही एक सांगायचं आहे. तिथे तुम्ही इसिस देवीची गोष्ट छान सांगता, मंदिर दुसऱ्या बेटावर हलवल्याचंही सांगता. पण तिथल्या रोमन सम्राट हेड्रियनच्या दरवाज्यावर एक लेख आहे, २४ ऑगस्ट ३९४ या तारखेचा. चित्रलिपीतला तारीख असलेला हा सगळ्यांत शेवटचा लेख. जवळजवळ साडेतीन हजार वर्षं चाललेली लिपी तिथे थांबते. आणि त्याच्या शेजारी चित्र आहे ते मंदुलिस या न्यूबियन देवाचं. रोमन साम्राज्य ख्रिस्ती झालं, ठिकठिकाणची जुनी मंदिरं बंद पडली, तरी दक्षिणेकडचे लोक सहाव्या शतकापर्यंत फिलाईला इसिसच्या दर्शनाला येत राहिले. जुन्या इजिप्तचा धर्म शेवटपर्यंत न्यूबियनांनी सांभाळला. गाइडला आधी सांगून ठेवलंत तर तो हा लेख दाखवेल, पाच मिनिटांचं काम आहे.

सुदानला आज सहल जाऊ शकत नाही. मेरोएचे पिरॅमिड, गेबेल बरकल, दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत, पण एप्रिल २०२३ पासून तिथे युद्ध पेटलंय. खार्टूमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या बागेत बुहेन आणि सेम्नाची मंदिरं आणून उभी केली होती, याच तळ्यापासून वाचवलेली. ते संग्रहालय लुटलं गेलं. मार्च २०२५ मध्ये सैन्याने शहर परत घेतलं तेव्हा सोन्याच्या दालनात काही उरलं नव्हतं. हे तुम्हाला लिहायचं कारण आहे. लक्झरच्या बाजारात कुणी कानाशी येऊन "खरी जुनी वस्तू आहे" म्हणालं, तर आपली माणसं भुलतात. इजिप्तमध्ये १९८३ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापारच बंद आहे. वस्तू खोटी असेल तर पैसे गेले, आणि खरी असेल तर ती कुठून तरी चोरलेली आहे. खरेदीला सोडण्याआधी चामड्याच्या आणि अत्तराच्या दुकानांची नावं सांगता, तेव्हा हेही सांगा.

माझी मागणी फार मोठी नाही. आस्वानला १९९७ मध्ये उघडलेलं न्यूबिया म्युझियम आहे. गावातच आहे, वेगळा प्रवास नाही. तहार्काच्या मूर्तीचं मस्तक तिथे आहे, बुडालेल्या गावांतल्या घरांचे देखावे आहेत, शाळा, चूल, लग्न, सगळं. आमच्या कार्यक्रमात त्या दुपारी अत्तराचं दुकान आणि पपायरसचं दुकान होतं. त्यातलं एक दुकान कमी करा आणि दीड तास म्युझियमला द्या. जास्तीचे पैसे लागले तर घ्या, लोक देतील. तुमच्या मुलांना पाठ करायला जो मजकूर देता, त्यात न्यूबियाचं एक पान घाला. आणि 'सगळं वाळवंटच होतं' हे वाक्य पुन्हा कुठल्या बसमध्ये कुणाच्या तोंडून येऊ नये. त्या मुलाचा यात काही दोष नाही. त्याला जे शिकवलं तेच त्याने सांगितलं. तो फार गुणी मुलगा आहे.

येत्या मोसमात माझी मावशी जायचं म्हणते आहे. तिचंही माहेर अर्थातच त्याच पाण्याखाली. तिचं बुकिंग मीच करणार आहे. तुमची कार्यक्रमपत्रिका पाठवा. आस्वानच्या दिवसात न्यूबिया म्युझियम लिहिलेलं असेल, तर ॲडव्हान्स लगेच भरते.

आपली,
तुमच्या सहलीतली एक प्रवासी, पुणे